जुन्या सायकलचा टायर: आधी रिम मोजा, मग दुकान गाठा

जुन्या सायकलला टायर मागायला गेलं की दुकानदार पहिल्यांदा विचारतो, ‘कितीची सायकल?’ कोल्हापुरात याचं ठरलेलं उत्तर ‘बावीसची’ नाहीतर ‘चोवीसची’. घोळ इथूनच सुरू होतो. बावीस आणि चोवीस हे फ्रेमचं माप आहे, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीची इंचातली लांबी. दांडीच्या, सळईच्या ब्रेकच्या मोठ्या सायकलीत दोन्ही फ्रेमना चाक सहसा एकच असतं, २८ × १ १/२. लहान मुलांच्या सायकलीला ‘वीसची’ म्हणतात तेव्हा मात्र तो आकडा चाकाचा असतो. जाणता दुकानदार सायकल बघूनच बरोबर टायर काढून देतो, पण तसे आता थोडे उरलेत. ऑनलाइन मागवायचं तर बघणारं कुणीच नसतं. म्हणून माप आपल्यालाच ठरवता यायला हवं.

नेहमीच्या टायरच्या दोन्ही कडांत पोलादी तारेचं कडं असतं. रिमच्या वरच्या कडेच्या जरा खाली, आतल्या बाजूला एक अरुंद पायरी असते आणि हे कडं तिच्यावर बसतं. त्या पायरीला इथं बैठक म्हणू. बैठकीचा व्यास मिलिमीटरमध्ये किती, एवढ्या एकाच आकड्यावर टायर बसणार की नाही हे ठरतं. नव्या टायरवर तो ४०-६३५ असा छापलेला असतो. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा बैठकीचा व्यास. इंचातलं नाव काहीही असो, दुसरा आकडा जुळला तर टायर चढतो, नाही जुळला तर नाही.

इंचांचा हिशेब

इंचांची नावं का फसवतात हे एकदा समजलं की अर्धं काम झालं. जुन्या इंग्लिश पद्धतीत २८ म्हणजे हवा भरलेल्या टायरचा बाहेरचा व्यास आणि १ १/२ म्हणजे टायरची जाडी. २८ इंच म्हणजे ७११ मिमी. त्यातून दोन्ही बाजूंची जाडी, ३८ आणि ३८, वजा केली की ६३५ उरतात. हीच बैठक. २६ × १ ३/८ घ्या: ६६० वजा ७०, उरले ५९०. २६ × १ १/२ घ्या: ६६० वजा ७६, उरले ५८४. याच रीतीनं २६ × १ १/४ ची बैठक ५९७ आणि २४ × १ ३/८ ची ५४० येते, आणि प्रत्यक्षातही तेवढीच असते. टायर जाड केला की बाहेरचा व्यास तोच राहावा म्हणून रिम लहान केली जायची. त्यामुळं ‘सव्वीसचा टायर’ या एका नावाखाली वेगवेगळ्या रिमा आल्या, आणि एकीचा टायर दुसरीला चालत नाही.

दशांशातल्या मापांना हा हिशेब लावू नका. २६ × १.७५, २६ × १.९५, २६ × २.१२५ या सगळ्यांची बैठक ५५९. माउंटन बाइकचा नेहमीचा टायर तो हाच. गणिताच्या वहीत १ १/२ आणि १.५ एकच असतात. टायरच्या बाबतीत एकाची बैठक ५८४ आणि दुसऱ्याची ५५९, म्हणजे तब्बल २५ मिमीचा फरक. अठ्ठावीसचंही तसंच आहे. २८ × १ १/२ म्हणजे ६३५, तर आजच्या हायब्रिड सायकलीवरचा २८ × १.७५ म्हणजे ६२२, ज्याला ७०० सी असंही म्हणतात. २८ × १ ५/८ × १ ३/८ असं तीन आकड्यांचं लांबलचक नाव दिसलं तर तोही ६२२. आणि २७ × १ १/४ हा सरळ अपवाद आहे: हिशेबानं ६२२ यायला हवेत, पण त्याची बैठक ६३० आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या ड्रॉप हँडलच्या परदेशी सायकलींवर तो भेटतो.

फोनवर किंवा दुकानात माप सांगताना ‘दीड’ म्हणू नका. ‘एक पूर्णांक एक छेद दोन, सहाशे पस्तीस’ असं पूर्ण सांगा.

कुठल्या सायकलवर काय असण्याची शक्यता

काळी, दांडीची सायकल, सळईचे ब्रेक, पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा: ही जवळजवळ हमखास ६३५ ची. मग ती इंग्लंडहून आलेली रॅले किंवा हंबर असो, आसनसोलची सेन-रॅले असो, की सोनीपतची अ‍ॅटलास आणि लुधियानाची हीरो. अ‍ॅटलास १९५१ साली आणि हीरो १९५६ साली सुरू झाली. या कारखान्यांनी इंग्लिश सायकलीचंच माप उचललं आणि पुढं तेच चालवलं. आपल्याकडं ते कधी बंद पडलं नाही, त्यामुळं ६३५ चा टायर इथं अजूनही सहज आणि स्वस्तात मिळतो. जुनी इंग्लिश सायकल सांभाळणाऱ्या परदेशातल्या बऱ्याच लोकांना तो शोधावा लागतो. फ्रेंच पद्धतीत याच मापाला ७०० बी म्हणतात, हे परदेशी यादी चाळताना उपयोगी पडतं.

बिनदांडीची लेडीज सायकल आणि हलक्या बांधणीची, केबल ब्रेकची सायकल इथं खरी पंचाईत होते. तिच्यावर २६ × १ ३/८ म्हणजे ५९० असू शकतो, किंवा २६ × १ १/२ म्हणजे ५८४. दोन्ही टायर भारतात बनतात, दोन्ही दुकानात शेजारी लटकलेले असतात आणि फरक फक्त ६ मिमीचा. डोळ्यांनी कळणं अवघड. ५८४ चा टायर ५९० च्या रिमवर चढत नाही. जोर लावला तर टायरच्या कडेची तार तुटते. ५९० चा टायर ५८४ वर अगदी हातानं, बिनत्रासाचा चढतो, आणि म्हणूनच तो जास्त धोक्याचा. हवा भरताना एखाद्या ठिकाणी कड रिमवरून वर सरकते, तिथून ट्यूबचा फुगा बाहेर येतो आणि ती फुटते. दुकानात फुटली तर ट्यूबवर भागलं. पन्हाळ्याच्या उतारावर फुटली तर हातपाय मोडतात.

टायरवर आणि रिमवर काय लिहिलंय

सायकलवर आहे तो टायर ओल्या फडक्यानं पुसून घ्या. अक्षरं झिजलेली असतील तर त्यांच्यावरून पांढरा खडू आडवा घासा. उठावाची अक्षरं खडू धरतात आणि वाचता येतात. ४०-६३५ सारखा जोडआकडा मिळाला तर उत्तम. पण तेवढ्यावर थांबू नका. जुन्या सायकलीवरचा टायर मधल्या काळात कुणीतरी बदललेला असतो आणि तो बरोबर होता याची खात्री नसते. पुढचा आणि मागचा, दोन्ही टायर वाचा. दोन्हींवर वेगळं माप निघालं, तर एक चाक केव्हातरी बदललंय किंवा एक टायर चुकीचा आहे.

रिमवरचा शिक्का जास्त भरवशाचा. तो बहुतेक वेळा वॉलच्या (हवा भरायच्या नळीच्या) भोकाजवळ ठोकलेला असतो. आपल्याकडच्या पावसात उभ्या राहिलेल्या सायकलीवर तो गंजाखाली दबतो. थोडं रॉकेल लावून बारीक तारेच्या ब्रशनं हलक्या हातानं घासा. पॉलिश पेपर वापरू नका, शिक्क्यासकट क्रोम निघून जाईल. शिक्का चाकाच्या आतल्या तोंडावर, म्हणजे हबकडच्या बाजूलाही असू शकतो. टॉर्च तिरपी धरून बघितलं की उठून दिसतो.

मोजायचं कसं

शिक्का नसेल तर रिम मोजावी लागते, आणि इथं नेहमीची चूक अशी होते. माणूस फुटपट्टी किंवा टेप घेऊन रिमचा बाहेरचा व्यास मोजतो. येतात ६३५. तो खूश होऊन ६३५ चा टायर आणतो. पण रिमची कड बैठकीपेक्षा प्रत्येक बाजूला साधारण ५.५ ते ७ मिमी उंच असते. म्हणजे बाहेरून ६३५ भरणारी रिम प्रत्यक्षात ६२२ ची आहे, आणि आणलेला टायर तिच्यावर ढिला फिरणार. सव्वीसमध्येही अशीच जोडी आहे: ५८४ च्या रिमचा बाहेरचा व्यास ५९७ च्या आसपास येतो, आणि ५९७ नावाचं वेगळं माप खरंच अस्तित्वात आहे. म्हणून बाहेरून मोजलेला आकडा कधीही तसाच वापरायचा नाही.

बरोबर रीत ही. चाक सायकलवरून काढा. टायर, ट्यूब, रिमची पट्टी सगळं उतरवा. रिमच्या कडेवरचा आणि बैठकीवरचा गंज खरवडून काढा, कारण अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा राहिला तरी व्यास मिलिमीटरनं चुकतो. आता पातळ पोलादी टेप रिमच्या दोन्ही कडांवर आडवी टेकवून पूर्ण फेरी घ्या, ताणून धरा आणि परिघ वाचा. शिंप्याची टेप नको, ती ताणली जाते. आलेला परिघ ३.१४१६ नं भागला की बाहेरचा व्यास मिळतो. व्यास थेट मोजण्यापेक्षा हे बरं, कारण मधे हब आणि धुरा आडवे येतात आणि शिवाय चाक थोडंफार आउट, म्हणजे वाकडं, असतंच. परिघात ते सगळं सरासरीनं सांभाळलं जातं. वाचताना ३ मिमी चूक झाली तरी व्यासात चूक फक्त १ मिमीची.

मग कडेची उंची. रिमच्या दोन कडांवर एक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि व्हर्निअरचा (बारीक माप घ्यायच्या सरकत्या पट्टीचा) मागचा दांडा बैठकीपर्यंत खाली सोडा. पट्टीची जाडी वजा करायला विसरू नका. चार ठिकाणी मोजा आणि सरासरी घ्या. व्हर्निअर घरी नसेल तर शिवाजी उद्यमनगरात लेथ चालणाऱ्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये चाक घेऊन जा. पाच मिनिटांचं काम आहे आणि तिथल्या हाताला अर्ध्या मिलिमीटरचा फरक लगेच कळतो. ही उंची दुप्पट करून बाहेरच्या व्यासातून वजा करा.

उदाहरण घ्या. परिघ आला २०३५. भागिले ३.१४१६, व्यास ६४७.८. कडेची उंची ६.५, दुप्पट १३. उरले ६३४.८. हा ६३५. दुसरी रिम: परिघ १९९५, व्यास ६३५, त्यातून १३ गेले, उरले ६२२. ६३५ आणि ६३० यांच्यात गोंधळ वाटला तर पुन्हा मोजा. या दोन रिमांच्या बाहेरच्या परिघात जेमतेम १५-१६ मिमीचा फरक आहे, तेव्हा इथं घाई चालत नाही.

सळईच्या ब्रेकची रिम मोजताना एक अडचण येते. ती वेस्टवुड घाटाची असते: कडा गोल वळलेल्या, मधे तारांच्या निपलांसाठी (तारा आवळायच्या बारीक नटांसाठी) खोल नाळ, आणि ब्रेकचे रबर बाजूनं न घासता खालून, हबकडच्या तोंडाला लागतात. हिची बैठक सपाट पायरीसारखी नसून उतरती असते, म्हणून व्हर्निअरचा दांडा घसरून नाळेत जातो आणि उंची जास्त दिसते. उंची ९-१० मिमी आली तर तुम्ही नाळ मोजताय. कडेला चिकटून, जिथं जुन्या टायरच्या तारेची गंजाची रेघ उमटलेली असते, तिथं मोजा. ती रेघ म्हणजेच बैठक.

जुना टायर बाद झालेला असेल आणि तो त्या रिमवर नीट बसत होता याची खात्री असेल, तर आणखी एक पक्की खूण हातात आहे. टायरची कड कापून आतलं तारेचं कडं बाहेर काढा, तोडा, सरळ करा आणि लांबी मोजा. रबर ताणलं जातं, आकसतं. पोलादी तार बदलत नाही. साधारण १९९५ मिमी भरली तर ६३५, १९५४ तर ६२२, १८५४ तर ५९०, १८३५ तर ५८४, १७५६ तर ५५९. तारेची टोकं एकमेकांवर चढवून जोडलेली असतात, तो जोड एकदाच धरायचा. इथं ५-१० मिमी इकडंतिकडं होऊ शकतं, म्हणून रिमच्या मापाशी ताडून बघा.

तार नसलेला टायर

रिमच्या कडा आत जास्तच वळलेल्या, हुकासारख्या दिसल्या तर थांबा. फार जुन्या सायकलींवर आणि सायकल रिक्षांवर बीडेड एज प्रकार असतो. या टायरच्या कडेत तारच नसते; जाड रबरी ओठ रिमच्या वळलेल्या कडेत अडकतो आणि हवेच्या दाबानं धरून राहतो. तारेचा टायर या रिमवर चालत नाही आणि हा टायर साध्या रिमवर चालत नाही, इंचातलं नाव तेच असलं तरी. आपल्याकडच्या टायरवर बीई आणि डब्ल्यूओ अशी इंग्रजी अक्षरं असतात. बीई म्हणजे बिनतारेचा, डब्ल्यूओ म्हणजे तारेचा. घेण्याआधी कड बोटांनी दुमडून बघा. तार असेल तर कडक कड्यासारखी लागते.

रुंदी

बैठक जुळली की रुंदीत थोडी मोकळीक असते. रिमच्या दोन कडांमधलं आतलं अंतर मोजा. टायरची रुंदी त्याच्या साधारण दीडपट ते दुप्पट असावी. फार अरुंद टायर खड्ड्यात रिमवर आपटतो आणि ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात, फार रुंद टायर वळणावर डुलतो. मग जागा बघा: चिमट्यात, मागच्या नळ्यांत आणि मडगार्डखाली टायरच्या प्रत्येक बाजूला निदान ५-६ मिमी मोकळं हवं. पावसाळ्यात चिखल मडगार्डमध्ये अडकून चाक जाम होतं ते जागा कमी पडल्यामुळंच.

गंगावेशीत दुधाच्या किटल्या लावून येणाऱ्या सायकलींसारखा मागं बोजा असेल तर मागच्या चाकाला जाड कापडाचा, जास्त प्लायचा (थरांचा) टायर घ्या. माप तेच ठेवायचं, फक्त घट्ट विणीचा. नुसतं रंकाळ्याला चक्कर मारायची असेल तर साधा टायर पुरतो.

घेताना आणि चढवताना

दुकानात पडून राहिलेला ‘नवा’ टायर घेताना बाजू दुमडून उजेडात बघा. बारीक चिरा आणि आतल्या कापडाचे सुटलेले धागे दिसले तर घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. कडेवर गंजाचे डाग म्हणजे आत तार खाल्ली जातेय.

ट्यूब मात्र थोडी जुळवून घेते. २८ ची ट्यूब ६३५ आणि ६२२ दोन्हींत चालते, २६ × १ ३/८ ची ५९० आणि ५८४ दोन्हींत. फक्त वॉलचं भोक बघा. आपला वॉल ट्यूबवाला (आत बारीक रबरी नळी असलेला) वॉल आणि मोटरसायकलसारखा जाड वॉल, दोन्हींना सुमारे ८ ते साडेआठ मिमीचं भोक लागतं. परदेशी रेसिंग सायकलीच्या बारीक वॉलच्या भोकात ते जात नाहीत. भोक ड्रिलनं मोठं करण्यापेक्षा बारीक वॉलची ट्यूब मागवा.

चढवण्याआधी निपलांवर रिमची पट्टी नीट बसवा. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, चिंध्या असे तीन-चार थर इथं सापडतात. त्यांनी नाळ भरून जाते, टायरची कड आत उतरत नाही आणि बरोबर मापाचा टायरही चढेनासा होतो. टायर घट्ट वाटला की आधी हेच बघा, मग मापावर शंका घ्या. कडेला साबणाचं पाणी लावा. वॉलच्या समोरच्या बाजूनं सुरुवात करून वॉलपाशी संपवा, आणि चढवताना बसलेली कड सतत नाळेत ढकलत राहा म्हणजे शेवटची वीत हातानं चढते. स्क्रूड्रायव्हर वापरला की ट्यूब पिंचणार, तेव्हा टायर लिव्हरच घ्या.

थोडी हवा भरा, इतकीच की टायरला आकार येईल. आता चाक फिरवून दोन्ही बाजूंना टायरवर असलेली बारीक उठावाची रेघ बघा. रिमच्या कडेपासून ती सगळीकडं सारख्या अंतरावर हवी. एका ठिकाणी बुडाली असेल तर हवा सोडून ती जागा हातानं वर ओढा, साबण लावा, पुन्हा भरा. एका ठिकाणी वर आली आणि बोटानं दाबली तरी परत परत वर येत असेल, तर टायर रिमपेक्षा मोठा आहे. त्यात आणखी हवा मारू नका. जुन्या सरळ कडेच्या पोलादी रिमला टायर धरून ठेवणारा हूक नसतो, त्यामुळं टायरच्या बाजूवर छापलेल्या दाबाच्या वर कधी जायचं नाही. वॉल ट्यूबच्या वॉलला गेज लावून हवा मारताना आकडा प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्तच दिसतो, हे लक्षात ठेवा.

पहिल्या दोन-तीन दिवसांनी हवा पुन्हा तपासा आणि रेघही पुन्हा बघा. माप ६३५ आलं आणि टायर नीट बसला की तो आकडा रिमवर वॉलच्या भोकाजवळ पक्क्या मार्करनं लिहून ठेवा, आणि त्याच मापाचा एक जादा टायर आणून ठेवा. तो खिळ्याला लटकवू नका, एकाच जागी भार येऊन कडेची तार वाकते. कोरड्या जागी, उन्हापासून लांब, आडवा ठेवा.